अंजीर खोलीतला यात्रेकरू

११ जानेवारी

या खोलीत एकही खिळा नाही. हे मी शांत डोक्याने, चारही भिंती हाताने चाचपून, बायकोला, सानोबरला, साक्षीला ठेवून लिहीत आहे. पलंग असा की त्यावर अर्धं वऱ्हाड झोपेल. न्हाणीघरात छतातून पाऊस पडतो आणि त्याला चैन म्हणतात. उशीवर टॉवेलचा हंस करून ठेवला आहे. पण माझा रुईभरला चापान आणि माझी टोपी टांगायला भिंतीत एक खिळा नाही. हॉटेलचा मालक ओलिम छातीवर हात ठेवून म्हणाला, ‘नुसरत-अका, भिंती तीनशे वर्षांच्या आहेत. वारसा आहे. खिळा ठोकायचा तर वरून परवानगी आणावी लागते.’ मी चौपन्न वर्षांचा आहे, माझ्यात काहीही ठोकायला आजवर कोणाला परवानगी लागलेली नाही. शेवटी चापान हंसाच्या मानेवर टाकला. हंस गेला.

इथे कसे आलो ते लिहून ठेवतो, कारण माझं मलाच ते नीट कळलेलं नाही. आमचं घर इथेच बुखाऱ्यात, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. अलीकडे मी प्रत्येक मजल्यावर थांबून शेजाऱ्यांच्या दारांचा अभ्यास करतो. त्यात थंडीत गॅस मेणबत्तीएवढा येतो. बहरोम, आमचा मुलगा, ताश्कंदला बँकेत आहे. बँकेने त्याला भर जानेवारीत हवी तेवढी रजा दिली. बँका दयाळू झाल्या आहेत. तो येऊन म्हणाला, ओलिम माझा वर्गमित्र, हिवाळ्यात त्याचं हॉटेल रिकामंच असतं, तळमजला आहे, फरशीखालून ऊब येते, वसंत येईपर्यंत तुम्ही दोघं तिथे राहा. मी विचारलं, वसंत आल्यावर काय? त्यावर त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बँकेतल्या माणसाला लांबचं व्याज दिसतं, लांबचा ऋतू दिसत नाही.

डिसेंबरात ताश्कंदला तपासण्या झाल्या. मोठे डॉक्टर माझ्याशी टॅक्सीवाल्याशी बोलावं तेवढंच बोलले. बहरोमशी मात्र बाहेर व्हरांड्यात इतका वेळ बोलत होते की आत माझा चहा गार झाला. बहरोम आत येऊन म्हणाला, जठरात व्रण आहे, पित्ताने चिघळलाय. पंचवीस वर्षं दर आठवड्याला वर्तमानपत्रात पित्त ओकत आलो, तरी आत उरलं कसं याचंच नवल. संपादकही गोड आवाजात म्हणाले, सदर थांबवू, आधी बरा हो. त्या माणसाचा गोड आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. हात शिवशिवतात, म्हणून ही वही.

१३ जानेवारी

हॉटेलचं माहितीपत्रक वाचलं. हा मदरसा. एकेका विद्यार्थ्याची एकेक कोठडी होती, आता दोन कोठड्यांची एक खोली केली आहे आणि प्रत्येक खोलीला फळाचं नाव आहे. आम्ही अंजिरात राहतो. ‘विद्यार्थी गेल्यानंतर ही वास्तू दीर्घकाळ मौनात होती,’ असं लिहिलं आहे. मौनात कसली? मेंढ्यांच्या कातड्यांत होती. माझ्या लहानपणी इथे काराकुलच्या खारवलेल्या कातड्यांच्या छतापर्यंत थप्प्या असत आणि आम्ही पोरं नाक दाबून या गल्लीतून पळत असू. पत्रकात कातड्यांचा क नाही. मी ओलिमला म्हणालो, दोन वाक्यं कातड्यांवर लिहून देतो, फुकट. तो म्हणाला, अका, तुम्ही विश्रांती घ्या. आजकाल मी काहीही बोललो तरी लोक हेच उत्तर देतात.

मुनिस नावाची मुलगी चहा आणते. तिला कुठल्याशा परदेशी गुरूने शिकवलंय की पियाला काठोकाठ भरावा. बुखाऱ्यात जन्मलेली पोर! तिच्या आजीने पाहुण्याचा पियाला कधी अर्ध्याच्या वर भरला नसेल. भरलेला पियाला म्हणजे ‘पी आणि ऊठ’. ती दिवसातून पाचदा हसत हसत मला दार दाखवते. मी सांगितलं तर म्हणाली, ‘अका, मॅनेजर ओरडतात.’

१५ जानेवारी

सानोबरचे डोळे सकाळपासून लाल. विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते.

या हॉटेलात पाहुण्याला लिंबू पिळायला देत नाहीत, हिला कांदा कुठे मिळाला? मग डोक्यात प्रकाश पडला. बिल! बहरोम कितीही म्हणो की वर्गमित्र आहे, वर्गमित्र काही फुकट ऊब देत नसतो. ही मागच्या दाराने स्वयंपाकघरात जाऊन राबते आहे. जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलेली बाई! काठी टेकत ओलिमला गाठलं आणि चार शब्द सुनावले. तो आधी गोंधळला, मग मान खाली घालून म्हणाला, ‘चुकलं, अका. सानोबर-ओपांना यापुढे कांद्याला हात लावू देणार नाही.’ त्याचेही डोळे ओलावले. जुन्या वास्तूत वास फार लांबवर जातो.

१६ जानेवारी

संध्याकाळी एक नर्स येऊन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देते. टोचल्यावर थोड्या वेळात पोटातला कोल्हा झोपतो आणि मीही. एवढं गुणी जीवनसत्त्व इतकी वर्षं कुठे लपवून ठेवलं होतं कोण जाणे. नाव विचारलं तर म्हणाली, परदेशी आहे, सांगून कळायचं नाही. कुपी मात्र मोजून परत नेते, जणू सोन्याची आहे.

१८ जानेवारी

आज चमत्कार झाला. रज्जब हमीदोविच भेटायला आले.

शहराच्या सांस्कृतिक कारभाराचे हे निवृत्त धनी. यांनी आयुष्यात एवढ्या फिती कापल्या की मी एकदा लिहिलं होतं, यांच्या कचेरीत चालू स्थितीत असलेलं एकमेव उपकरण म्हणजे कात्री. तेव्हापासून मला पाहून ते रस्ता बदलत. आज हलव्याचा डबा घेऊन खुर्चीच्या टोकावर बसले, थंडीबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले. मुनिसने त्यांचा पियाला काठोकाठ भरला, तसे बिचारे घटाघट पिऊन उठले. दारात टोपी हातात घेऊन म्हणाले, ‘नुसरत, आपल्यात काही कमी-जास्त झालं असेल. राजी राहा. मी राजी आहे.’

मनात काही ठेवू नका, असं कोणी मागितल्यावर नाही म्हणता येत नाही. मी राजी म्हणालो, पण स्वभाव आडवा आला. म्हणालो, ‘कात्रीचा लेख मात्र मी मागे घेणार नाही.’

‘नका घेऊ,’ ते म्हणाले. ‘चांगला होता.’

ते गेल्यावर कितीतरी वेळ मी डब्याकडे बघत बसलो. इतकी वर्षं पोसलेलं वैर माणसाने हलव्याच्या डब्यात घालून आणून द्यावं? हलवा पचला नाही. सानोबरने मुनिसला दिला.

२१ जानेवारी

आमच्या मोहल्ल्याचे म्हातारे एरगाश-बोबो चार दाढ्या बरोबर घेऊन आले. अंजिरात मावेनात म्हणून ओसरीत गाद्या टाकल्या. त्यांनी हात पसरून दुआ केली, शूर्वा प्यायले, आणि निघताना एकेकाने माझा हात दोन्ही हातांत धरून तेच सांगितलं: राजी राहा, नुसरत. एरगाश-बोबोंवर मी एकदाच लिहिलं होतं, तेही नाव न घेता, फक्त दाढीचं वर्णन करून. तेही राजी.

ते गेल्यावर बसून विचार केला. लोक राजी कधी मागतात? माणूस लांबच्या वाटेला निघतो तेव्हा. मी कुठे निघालोय? आणि एकदम सगळे धागे जुळले.

मला मक्केला पाठवताहेत!

हज नव्हे, हजची पाळी येईपर्यंत माणसाचा नातू आजोबा होतो. उमरा, छोटी यात्रा, कधीही करता येते ती. पुरावे असे. ओलिमची आई महिनाअखेरीस एका तुकडीबरोबर तिकडेच निघाली आहे. बहरोम आणि ओलिम ओसरीच्या कोपऱ्यात कुजबुजतात आणि मी आलो की फुटबॉलवर बोलू लागतात; दोघांनाही फुटबॉल कळत नाही. बहरोमने माझा पासपोर्ट ‘कामासाठी’ मागून नेला. आणि परवा सानोबरच्या पिशवीत, लोकरीच्या खाली, पांढऱ्या कापडाची घडी दिसली. मी पाहतोय हे कळताच तिने पिशवी बंद केली. इहरामचं कापड, दुसरं काय?

मी! मुल्लांवर आणि नवश्रीमंत हाजींवर ज्याने एवढी शाई सांडली, त्यालाच पांढरं नेसवून काबेभोवती फिरवणार. लोकांना वर्षभर हसायला पुरेल. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. पोराने मनावर घेतलं. त्यांचा आनंद मोडायचा नाही, काही कळलं नाही असं दाखवायचं असं ठरवलं आहे.

२२ जानेवारी

तयारी म्हणून आज दिवसभर कोणालाही टोचून बोललो नाही. संध्याकाळपर्यंत थकून गेलो. लोक हे जन्मभर कसं करतात?

रात्रीच्या जेवणात सहज म्हणावं तसं म्हणालो, ‘विमानात थंडी असते का गं?’

सानोबरच्या हातातला चमचा पडला. ‘कसलं विमान?’

‘काही नाही. माणूस कधीतरी जातोच ना वर.’

ती उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ तो छताचा पाऊस चालू होता. कळलं हिला, की मला कळलंय. जीभ चावली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, ‘अहो, तुम्ही असलं काही बोलू नका.’ मी म्हणालो, बरं, माझे ओठ शिवले.

२६ जानेवारी

तीन दिवस पाऊस. पावसात भिंती ओल धरतात आणि कातडी जागी होतात. मीठ, चरबी, मेंढी. ओलिम इसिरीकची धुरी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरतो, पण धुरीने दृष्ट जाते, मेंढी जात नाही. मला तो वास आता वाईट वाटत नाही. निदान या वास्तूत कोणीतरी खरं बोलतं.

जेवण जात नाही. ओशी-सोफी आणली होती, आमचा वाफेवरचा पुलाव, तेलाने चकाकणारा. वास घेतला आणि ताट सरकवलं. पट्ट्याला बहरोमने नवं भोक पाडून दिलं. पोट आत गेलं म्हणजे व्रण आकसत असावा.

सगळे येऊन गेले. शाळेतले मास्तर, दोन माजी संपादक, ज्याच्या दुकानातल्या ‘अस्सल प्राचीन’ गालिच्यांबद्दल मी लिहिलं होतं तो दुकानदारही. फक्त इबोद नाही.

इबोद माझा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्याने पोराच्या सुंतेची अशी मेजवानी केली की जेवणारी माणसं वरून व्हिडिओत टिपायला क्रेन आणली होती. मी त्यावर लिहिलं. नाव दिलं नव्हतं, पण बुखाऱ्यात क्रेनवाली सुंता एकच. त्याने आमच्या इमारतीच्या अंगणात उभं राहून सांगितलं की आता तुझ्या जनाज्यालाच येईन, आणि तेही खात्री करून घ्यायला. विनोदबुद्धी आमच्या घराण्यात सगळ्यांना आहे, फक्त ती दुसऱ्याला लागते. मक्केला जाणाऱ्यासाठीसुद्धा तो यायचा नाही. त्याला त्याचा शब्द प्यारा.

३० जानेवारी

पहाटेच दाढी केली. धुतलेला सदरा घातला. ओसरीत, अंगणाकडे तोंड करून बसलो, म्हणजे बोलावलं की लगेच उठता येईल. उठायला मला वेळ लागतो.

ओलिमच्या आईला निरोप द्यायला सगळा मोहल्ला अंगणात लोटला होता. म्हातारी पांढऱ्या रुमालात लहान मुलीसारखी दिसत होती आणि लोक तिच्याभोवती बाजारात जमावेत तसे जमले होते. जमजमच्या पवित्र पाण्याची बाटली आण. बाटली नको, कॅन आण, आम्ही बारा माणसं आहोत. खजूर आण, पण ते काळे नकोत, मागच्या वेळचे काळे सुकले होते. माझ्या नातीच्या नावाने दुआ माग, तिशी उलटली, कोणी बघायला येत नाही. माझ्या सुनेला मुलगा व्हावा म्हणून माग. नाही, आधी सुनेची जीभ छोटी व्हावी म्हणून माग. एकजण म्हणाला, तिथे सोन्याचा भाव काय चाललाय तेवढं बघून ये, मावशी. म्हातारी बोटं दुमडून प्रत्येकाचं मोजत होती, बोटं संपली की पहिल्यापासून पुन्हा. सगळे हसत होते. राजी राहा, राजी राहा, आणि खजूर विसरू नकोस.

बस आली. म्हातारी चढली. नावं वाचली. माझं नाव नव्हतं.

बस गेल्यावर अंगण रिकामं झालं. बहरोमने विचारलं, इथे थंडीत का बसलात? म्हणालो, ऊन घेतोय. ऊन नव्हतं.

३१ जानेवारी

माझ्याकडे कोणीच काही मागितलं नाही.

रज्जब हमीदोविचनी नाही, एरगाश-बोबोंनी नाही, गालिचावाल्यानेही नाही, आणि तो तर कबरीवरची पणतीसुद्धा भाव करून विकत घेईल. बुखाऱ्याचा माणूस मक्केच्या वाटसरूला मोकळ्या हाताने जाऊ देतो? एक खजूर नाही. एक दुआ नाही. फक्त राजी राहा.

कापडाच्या घडीकडे पुन्हा पाहिलं नाही.

३ फेब्रुवारी

दोन दिवस वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं लिहिणार होतो, पण ही वही माझ्याखेरीज कोणी वाचणार नाही. तिच्याशी कशाला खोटं बोलू?

राग कोणाचा यावा ते ठरत नाही. पंचवीस वर्षं लोकांचं ढोंग लांबून ओळखत आलो, आणि माझ्याच घरचं ढोंग माझ्याच उशीवर हंस करून ठेवलं होतं तरी दिसलं नाही. आमच्याकडे रोग्याला सांगत नाहीत. माझ्या वडिलांनाही आम्ही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटत होतं की पाठ दुखते आहे. निदान आम्हाला तरी वाटत होतं, की त्यांना तसं वाटतं.

सानोबर समोर विणत बसली आहे. लोकरीचे मोजे, माझ्या मापाचे. ती विणते आणि उसवते. आज तिला दोनदा सांगणार होतो की मला ठाऊक आहे. पण मग ती रडणार माझ्यासमोर. आणि हे एक काम तिने एवढं मन लावून, न्हाणीघरात पाऊस सोडून, मला कळू नये म्हणून केलेलं. ते तिच्याकडून काढून घेऊ?

अजून एक गोष्ट आहे. लिहू की नको, असं मघापासून चाललंय. इबोद आलेला नाही. तो जोवर येत नाही तोवर डॉक्टर चुकलेले असू शकतात, तपासणीचे कागद बदललेले असू शकतात. बाकीची माणसं हळवी आहेत, बहरोमने एक फोन केला की हलवा घेऊन धावत येतात. इबोद खात्री झाल्याशिवाय येणारा नव्हे. त्याने स्वतःच सांगितलंय.

म्हणून गल्लीत गाडी थांबली की मी कान देतो. आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे काही मागतोय: माझा भाऊ माझ्याशी बोलू नये.

५ फेब्रुवारी

नर्स आता सकाळीही येते. आज गाडी थांबली. भाजीवाला होता. मुनिसने पियाला अर्धाच भरला. मी तिच्याकडे पाहिलं, तिने किटलीकडे पाहिलं. तिलाही सांगितलंय म्हणजे. म्हणालो, ‘भर गं काठोकाठ, मॅनेजर ओरडतील.’ ती भरेना. अर्धा अर्धा असे चार पियाले प्यायलो.

७ फेब्रुवारी

इबोद आला.

दाराबाहेर त्याने बूट काढले त्या आवाजावरूनच कळलं. लहानपणापासून तो टाचेने टाच दाबून बूट काढतो आणि आई त्याला त्यावरून मारायची. सानोबर त्याला आत सोडून ओसरीत गेली. खुर्ची होती तरी तो दाराजवळ गालिच्यावरच बसला, ओला कोट मांडीवर घेऊन. जाडा झालाय. केस गेले. क्रेन आणणारा माणूस तो, पण आज कोटाचं बटण फिरवत बसला होता.

‘अका,’ म्हणाला, आणि तिथेच अडकला.

या भेटीसाठी मी नऊ वर्षं वाक्यं घासून ठेवली होती. काही तर फारच उत्तम होती. त्यातलं एकही वापरता येण्यासारखं नव्हतं. तो माझ्या गळ्याच्या हाडांकडे बघत होता, आणि सुरुवात कुठून करायची ते त्याला कळत नव्हतं, कारण त्याला बजावून पाठवलं होतं की मला कळता कामा नये. शेवटी मीच त्याची सुटका केली.

‘ऐकलंस ना, मला मक्केला पाठवताहेत. पुढच्या तुकडीत.’

त्याने मान वर केली. क्षणभर त्याचा चेहरा उजळला, की याला खरंच माहीत नाही. मग तो बघतच राहिला. मी चौदा वर्षांचा होईपर्यंत आम्ही एका रजईत झोपलो आहोत. माझं खोटं त्याला पाठ आहे.

‘हो,’ तो म्हणाला. ‘बहरोम म्हणाला मला. मक्का.’

‘म्हणून आलास.’

‘म्हणून आलो.’ बटण तुटून त्याच्या हातात आलं. ‘अका, लेख वाईट नव्हता. एकच चूक होती. क्रेन भाड्याची होती. तुम्ही विकत घेतली असं लिहिलंत. लोक माझ्याकडे क्रेन मागायला यायचे.’

‘दुरुस्ती छापून घेतो.’

‘राहू द्या आता.’

बाहेर ओसरीत सानोबरचा श्वास ऐकू येत होता. दारं जुनी आहेत, वारसा आहे, फटी बुजवायलाही परवानगी लागते.

‘मी राजी आहे, अका,’ इबोद म्हणाला. ‘तुम्ही?’

‘राजी.’

तो उठू लागला. मी म्हणालो, ‘बस. नुसतं राजी म्हणून चालत नाही. मक्केला निघालेल्याकडे काही मागतात. आत्तापर्यंत सगळे विसरले. लोक काय म्हणतील? तू तरी माग.’

त्याने तुटलेलं बटण खिशात टाकलं. मग लहानपणी दुकानासमोर उभं राहून बोलायचा त्या आवाजात म्हणाला, ‘जमजम आणा. थोडं. आणि खजूर.’

‘कुठले?’

‘मऊ असतात ते.’

‘आणतो,’ मी म्हणालो.

तेव्हा त्याने कोट तोंडावर दाबला. मी भिंतीकडे पाहत बसलो. चांगली भिंत आहे. तीनशे वर्षं उभी आहे, आणि हिच्याआड काय काय झालं असेल त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही.

८ फेब्रुवारी

सानोबरला म्हणालो, ‘मला मक्केचं कळलंय. आता लपवू नकोस.’

तिने सुया खाली ठेवल्या. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ती मूर्ख बाई नाही, कधीच नव्हती. मूर्ख असती तर माझ्याबरोबर तिचे दिवस सोपे गेले असते.

‘बरं झालं कळलं,’ म्हणाली. ‘एकटीने लपवायचं म्हणजे फार जड जातं.’

‘बरोबर काय काय घ्यायचं?’

‘काही नको. तिथे सगळं मिळतं.’

‘आणि तू?’

‘मी मागाहून येईन,’ ती म्हणाली. ‘बहरोमचं लग्न उरकून.’

मग तिने माझ्या पायात मोजा चढवून पाहिला. एक झालाय. दुसरा चालू आहे. यापुढे उसवणार नाही म्हणाली.

११ फेब्रुवारी

खरंखुरं ऊन पडलं. नर्स येऊन गेल्यावर बरं वाटत होतं. सानोबरला म्हणालो, कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. ती बरोबर यायला निघाली, मग थांबली आणि माझ्या गळ्याशी मफलर नीट करून दार उघडून दिलं.

कोपऱ्यावर आब्राम चांभाराची टपरी आहे. शरद ऋतूत त्याच्याकडून या बुटांच्या टाचा घालून घेतल्या होत्या. माझ्याकडे मोठी नोट होती, त्याच्याकडे सुटे नव्हते, उद्या देतो म्हणून निघून आलो. मग ताश्कंद, मग हे सगळं. रोग्याला देण्याची आठवण कोणी करून देत नाही, तेही राजी मागण्यातच येत असावं. आब्रामला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. चष्म्याला दोरा बांधून तो बायकांच्या बुटाला चेन लावत होता. वर न बघता म्हणाला, ‘आलात. मी समजलो शहर सोडलंत.’

‘आजारी आहे.’

आता त्याने वर पाहिलं. माझे बूट पाहिले, मग मला. ‘बरा होण्यातला?’

‘नाही.’

हे मी मोठ्याने पहिल्यांदाच बोललो. टपरीत काही हललं नाही. आब्रामने स्टुलावरचे बूट उचलून खाली ठेवले आणि स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. त्याने चेन पुरी केली, दात लावून दोरा तोडला.

मी नोट पुढे केली. त्याच्याकडे आजही सुटे नव्हते. नोट घेऊन तो पलीकडच्या चहावाल्याकडे गेला. तो येईपर्यंत मी लोकांच्या बुटांवर लक्ष ठेवून उन्हात बसलो. परत येऊन त्याने सुटे माझ्या तळहातावर ठेवले. ‘राहू द्या’ असं ओठांवर आलं होतं. पण मग माझ्याऐवजी त्याच्याकडे देणं राहिलं असतं. घेतले, खिशात टाकले, आणि उन्हाच्या बाजूने हळूहळू परत आलो.